डब्ल्यूबीएममधला मॅकॅडम

चि. निखिल यास,


विमान बराच वेळ ‘टारमॅक’वर खोळंबल्याची बातमी वाचून तू या शब्दाचा अर्थ विचारलास. अरे, तुझ्याच रस्त्याच्या अंदाजपत्रकात ‘डब्ल्यूबीएम’, म्हणजे ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’, असतं ना, त्यातला ‘एम’ म्हणजे जॉन लाउडन मॅकॅडम. टारमॅकमधला ‘मॅक’ही तोच.

१७५६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ १८१६ मध्ये ब्रिस्टॉलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. भार पेलते ती खालची जमीन, तेवढी कोरडी ठेवा, हे त्याचं म्हणणं. रस्ता आजूबाजूपेक्षा उंच धरायचा, पाणी कडेला काढायचं आणि वर फोडलेली खडी पसरायची. दगड गोटा नको, धारदार कडांचा हवा; वजन सहा औंसांच्या, म्हणजे साधारण १७० ग्रॅमच्या आत. गाड्यांच्या लोखंडी धावांखाली खडी आपोआप एकमेकींत रुतून बसे. माती मिसळायला सक्त मनाई, कारण माती पाणी धरते. आणि आपण? वर मुरूम टाकतो, पाणी मारतो, रोलर फिरवतो आणि नाव त्याचंच लावतो!

टारमॅकमधल्या ‘टार’शी, म्हणजे डांबराशी, मात्र त्याचा काही संबंध नाही. मोटारी आल्या, त्यांचे रबरी टायर धुरळा उडवू लागले, तेव्हा डांबराची गरज पडली. नॉटिंगहॅमशायरचा सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली याला १९०१ मध्ये डेन्बीच्या लोखंडाच्या कारखान्यापाशी रस्त्याचा एक तुकडा भलताच गुळगुळीत दिसला, असं सांगतात. डांबराचं पिंप सांडलेलं, ते झाकायला कुणीतरी भट्टीतली मळी टाकलेली. पुढच्याच वर्षी त्याने या मिश्रणाचं पेटंट घेतलं.

ते डांबर दगडी कोळशाचं. तुझी मामी कपाटात ठेवते त्या डांबरगोळ्या मुळात त्याच घराण्यातल्या. तुमच्या साइटवर येतं ते तेलशुद्धीकरण कारखान्यातलं बिट्युमेन. पण मुकादमापासून मंत्र्यापर्यंत सगळे त्याला डांबरच म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. विमानतळावर खरी गंमत. विमानं उभी राहतात तो एप्रन बहुधा काँक्रीटचा. सांडलेलं इंधन डांबर विरघळवतं आणि उभ्या विमानाच्या भाराने ते उन्हात दबतं. म्हणजे त्या टारमॅकमध्ये ना टार, ना मॅक!

तुझ्या रस्त्याच्या साइडपट्ट्या भरल्या का? पावसाआधी गटारं उपसून घे. पाणी तुंबलेलं दिसलं, तर ठेकेदाराचं बिल खुशाल अडव.

तुझा,
मामा