शिवणीतली माया

अण्णांना वजनकाट्यावर उभं केलं, पण आकडा काही थांबेना. ५३, ५५, ५२, पुन्हा ५४. हात थरथरायचा, त्याच्याबरोबर खांदा हलायचा, आणि काट्याला एक आकडा धरता येईना. शेवटी कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर खुर्ची ठेवली, अण्णांना तिच्यात बसवलं आणि खुर्चीचं वजन वजा केलं. ५३ किलो. दीड वर्षापूर्वी, कंपवाताचं निदान झालं त्या दिवशीच्या कागदावर ६४ लिहिलेलं होतं.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कराडात ४० वर्षं शिंपीकाम केलं. समोरचा माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याच्या कमरेचं माप त्यांना कळायचं. स्वतःची कंबर ३४ची ३० झालेली त्यांना कळली नसेल असं कसं होईल? पट्ट्याला दाभणानं पाडलेली दोन नवी भोकं मी नंतर पाहिली. ते बोलले नव्हते, आणि मी दर महिन्याला पुण्याहून येऊन फक्त त्यांचा हात बघत होते. आज जास्त थरथरतोय का, कमी थरथरतोय का. आजाराच्या नावातच कंप आहे, त्यामुळे लक्ष कंपावरच राहिलं. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या दुखण्यावर पुस्तिका लिहिली, तिच्याही नावात थरथरच होती.

आधी ओळखीच्या एका डॉक्टरांनी ‘वय झालं, व्हायचंच’ म्हणून सोडून दिलं. मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी तसं केलं नाही. कंपवात आहे म्हणून वजन त्याच्याच माथी मारायचं नाही, असं म्हणत त्यांनी साखर, थायरॉइड, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, सगळं करून घेतलं. त्यात काही निघालं नाही. मग म्हणाल्या, “आता यांना जेवताना बघा. मदत करू नका, नुसतं बघा.”

मी घड्याळ लावून बसले. अर्धी भाकरी, वाटीभर आमटी, थोडी मेथीची भाजी. पहिला तुकडा मोडायला दोन्ही हात लागले. आमटीचा चमचा वाटीतून भरून निघायचा आणि ओठांशी पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. घास तोंडात गेला की बराच वेळ तिथेच फिरत राही. पाणी प्यायले की ठसका. १५ मिनिटांत आमटी गार झाली, साय धरल्यासारखी दिसायला लागली. ४० मिनिटांनी अण्णांनी ताट सरकवलं. “भरलं पोट.” खरं तर ते दमले होते. आणि पोटही खरंच लवकर भरत होतं, कारण या आजारात जठर रिकामं व्हायलाच वेळ लागू शकतो, बद्धकोष्ठही अनेकांना असतं. वास तर कधीचाच गेलेला. चारेक वर्षांपूर्वी दूध करपून घरभर धूर झाला तरी शेजारच्या खोलीत बसलेल्या अण्णांना पत्ता नव्हता, तेव्हा आम्ही ते सर्दीवर ढकललं होतं. हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो, हे मला आत्ता कळतंय. फोडणीचा वासच येत नसेल तर भूक कशी लागणार?

दुसरीकडे खर्च चालूच. थरथरणारे, ताठरलेले स्नायू बसल्या जागी शक्ती जाळत असतात. जमा कमी, खर्च जास्त.

मग मी जे केलं ते आठवलं की अजून पोटात कालवतं. वजन वाढवायचं म्हणून सकाळच्या गोळीबरोबर पेलाभर दूध, दोन अंडी, दुपारी पनीर, घट्ट वरण. आठ दिवसांत अण्णांचं चालणं बिघडलं. सकाळी गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ज्यांची बोटं मोकळी व्हायची, ते दहा वाजले तरी खाटेवरून उठू शकेनात. मला वाटलं, आजार वाढला. रात्री आईच्या शेजारी पडून रडले.

डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, “गोळी कशाबरोबर देता?” कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी आणि अन्नातली प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकच दार वापरतात. दुधा-अंड्यांच्या गर्दीत गोळी दाराशीच अडकत होती. सगळ्यांना इतका त्रास होत नाही, अण्णांना होत होता. प्रथिनं बंद करायची नाहीत, त्यानं माणूस आणखी खंगेल, वेळ बदलायची. आता गोळी जेवणाआधी तासभर, साध्या पाण्याबरोबर. सकाळी तूप सोडलेले पोहे नाहीतर शिरा, दुपारी मऊ भात-भाजी, आणि अंडी-वरण-पनीर रात्रीकडे. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी. गोळीचा असर असतो त्या तासातच ताट मांडायचं, म्हणजे हात साथ देतो. गिळायला शिकवणाऱ्या ताईंनी हनुवटी खाली घेऊन गिळायला लावलं, ठसका कमी झाला.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. वजन उतरलं की तोच डोस शरीराला जास्त पडू शकतो, मग अंग आपोआप डोलायला, वळवळायला लागतं, आणि त्यात आणखी वजन जातं. म्हणून आता दर रविवारी वजन, वहीत तारीख घालून.

दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या एका काकूंची तक्रार बरोबर उलटी होती. काकांच्या मेंदूत तार बसवायची शस्त्रक्रिया झाली, थरथर गेली आणि काही महिन्यांत ते पंधरा किलोंनी वाढले. कंप थांबला की तो खर्चही थांबतो, डॉक्टर हे एक कारण सांगतात. दुसऱ्या एका मुलाचे वडील नवी गोळी सुरू झाल्यापासून रात्री उठून डबे उघडून गोड खायचे, आणि घरचे त्यांच्यावर चिडत होते. मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांनी अशी अनावर ओढ लागू शकते. त्या माणसाला बोल लावू नये, डॉक्टरांना सांगावं. मी ते त्या मुलाला दोनदा सांगितलं.

गेले तीन रविवार वहीत ५४ आहे. काल अण्णांनी स्वतःहून कपाटातली करडी पँट काढली. वजन केलं तेव्हापासून मी म्हणत होते, कमरेत घेऊ या, आणि ते ‘राहू दे’ म्हणत होते. काल म्हणाले, “घे मशीनवर.” टेप मी धरली. खडूची रेघ त्यांनीच मारली, ती नागमोडी आली. मी तिच्या कडेनं सरळ टीप घातली आणि आत उरलेलं कापड कापायला कात्री उचलली.

“कापू नको,” अण्णा म्हणाले. “माया राहू दे आत. उसवायला लागली तर?”

मी कात्री खाली ठेवली आणि माया दुमडून इस्त्री फिरवली.