स्कोअरकार्डावरची वर्तुळं

पोस्ट मोठी झालीय आणि विषय आहे अमेरिकेतल्या बेसबॉलचा. आपल्या तालुक्यात बेसबॉलची बॅट कुणी पाहिली असेल तर ती गाडीच्या सीटखाली ठेवलेली पाहिली असेल, खेळताना नाही. तरी वाचा. विषय शेवटी आपल्याच ओळखीचा निघतो.

परवा टपरीवर एका पोरानं तोंडावर विचारलं, "दादा, फायनल सेट होती हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्ही 'थरारक लढत' कसं काय छापलंत?" मी अर्धा चहा तसाच ठेवून निघून आलो. त्या रात्री झोप लागेना, म्हणून १९१९ चा तो हंगाम पुन्हा वाचत बसलो. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना सरांनी त्यावर एक अख्खा तास घेतला होता. तेव्हापासून तो डोक्यात घर करून आहे.

तर १९१९. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघानं १४० सामन्यांच्या हंगामात ८८ जिंकले आणि आपली लीग मारली. दुसऱ्या लीगमधून सिनसिनाटीचा रेड्स संघ आला, ९६ विजय मिळवून. आकड्यांत रेड्स वरचढ, पण हवा व्हाइट सॉक्सची. जो जॅक्सनसारखा फलंदाज, एडी सिकॉटसारखा पिचर. पिचर म्हणजे आपला बॉलर समजा, फक्त त्या काळी तिथं एकच जण बहुतेक सगळा सामना टाकायचा. सिकॉटनं त्या वर्षी २९ सामने जिंकून दिले होते. वर्ल्ड सिरीज त्या वर्षी नऊ सामन्यांची, जो पाच जिंकेल तो विजेता.

पहिला सामना १ ऑक्टोबरला सिनसिनाटीत. पण त्याच्या आधीच भाव फिरला. कालपर्यंत व्हाइट सॉक्सवर लागणारा पैसा अचानक रेड्सवर लागू लागला. हॉटेलच्या लॉबीत, न्हाव्याच्या दुकानात सगळीकडे तीच कुजबुज. आणि सिकॉटनं दुसराच चेंडू समोरच्या मॉरी रॅथच्या पाठीत घातला.

ती खूण होती. सौदा पक्का झाला, हे जुगाऱ्यांना कळवायची खूण. आदल्या रात्री सिकॉटच्या उशीखाली १०,००० डॉलर आले होते, हे त्यानं नंतर स्वतः कबूल केलं. रेड्सनी तो सामना ९-१ नं जिंकला.

आता प्रेस बॉक्समध्ये या. तिथं ह्यू फुलर्टन नावाचा शिकागोचा क्रीडा पत्रकार बसलेला. वय ४६, म्हणजे माझ्याच पिढीतला म्हणा. मालिकेआधी त्यानं व्हाइट सॉक्स जिंकणार असं भाकीत केलं होतं. त्याच्या शेजारी क्रिस्टी मॅथ्यूसन, आपल्या काळातला महान पिचर. दोघांनी ठरवलं की जो खेळ संशयास्पद वाटेल, त्यावर स्कोअरकार्डात वर्तुळ काढायचं.

मॅथ्यूसनला हे का सुचलं असेल, त्याला इतिहास आहे. आदल्या वर्षी तो सिनसिनाटीचा मॅनेजर असताना हॅल चेस या आपल्याच खेळाडूला त्यानं निलंबित केलं होतं. मुद्दाम वाईट खेळतो, हा संशय. सुनावणीच्या वेळी मॅथ्यूसन सैन्यात, फ्रान्समध्ये. चेस निर्दोष सुटला आणि १९१९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून आरामात खेळला. मला विचाराल तर खरा घोटाळा तिथंच झाला. बाकीच्या खेळाडूंनी त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं.

चौथा सामना बघा. पाचव्या डावात सिकॉटच्या दोन चुका. एकदा पहिल्या बेसकडे चेंडू भलतीकडेच फेकला. दुसऱ्यांदा जॅक्सननं लांबून होमकडे केलेली फेक मध्येच अडवायला गेला आणि चेंडू हातून निसटला. त्याच डावात रेड्सचे दोन रन आणि सामना २-० नं खल्लास. वर्तुळ काढायला यापेक्षा चांगली जागा कुठली? लेफ्टी विल्यम्स तर मालिकेत तीन सामने हरला. आठव्यात पहिल्याच डावात एक गडी बाद करून त्याला बाहेर यावं लागलं. रेड्स ५-३ नं विजेते. सिनसिनाटीकरांचं दुःख कुणी विचारत नाही. त्या खेळाडूंनी पुढं आयुष्यभर सांगितलं की आम्ही तसेही जिंकलो असतो. जिंकलेही असते कदाचित.

आता गंमत अशी की सगळेच विकले गेले नव्हते. डिकी केर हा छोट्या चणीचा नवखा पिचर. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं आपले दोन्ही सामने जिंकले. अर्धा संघ हरायला खेळतोय आणि हा पठ्ठ्या जिंकून देतोय. आपल्याकडं नुरा कुस्ती म्हणतात, पण नुरा कुस्तीत निदान दोन्ही पैलवानांना माहीत असतं.

मालिका संपल्यावर फुलर्टननं लिहिलं की या संघातले सात जण पुढच्या हंगामात दिसणार नाहीत. मग खोलात जाऊन मोठा लेख केला. तो छापून आला डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग वर्ल्ड'मध्ये. मथळ्यातच विचारलं होतं की हा खेळ जुगाऱ्यांसाठी चालवला जातोय का.

काय झालं? 'स्पोर्टिंग न्यूज'सारख्या बेसबॉलच्या पत्रांनी त्याची खिल्ली उडवली. म्हणे खेळाची बदनामी करतो, भाकीत चुकलं म्हणून जळतो. आणि १९२० चा हंगाम सुरू झाला तेव्हा चिक गँडिल सोडला तर बाकी सगळे संशयित मैदानात हजर! विचार करा, त्या उन्हाळ्यात फुलर्टन कुठल्या तोंडानं प्रेस बॉक्समध्ये गेला असेल.

प्रेस बॉक्समधल्या इतरांना काही वास आला नव्हता, असं समजू नका. रिंग लार्डनर तर मालिका चालू असतानाच, रेल्वेच्या डब्यात, खेळाडूंच्या देखत, एका गाजलेल्या गाण्याचं विडंबन म्हणत फिरत होता. विषय हाच. म्हणजे गाणं म्हणण्याइतकं माहीत होतं. छापण्याइतकं नव्हतं.

भांडं फुटलं ते भलत्याच कारणानं. ऑगस्ट १९२० च्या अखेरच्या, शिकागोच्याच दुसऱ्या संघाच्या एका सामन्याबद्दल संशय आला, ग्रँड ज्युरी बसली आणि चौकशी मागं सरकत १९१९ पर्यंत पोचली. २८ सप्टेंबरला सिकॉटनं कबुली दिली, त्याच दिवशी जॅक्सननं. जॅक्सननं ५,००० डॉलर घेतल्याचं मान्य केलं. याच जॅक्सननं मालिकेत १२ फटके मारले होते, सरासरी .३७५, एकही चूक नाही. त्याच्यावरून अमेरिकेत आजही वाद घालतात. माझं मत विचाराल तर पैसे घेतले ते घेतले. चांगलं खेळून ते परत जात नाहीत. मालक कॉमिस्कीनं सात जणांना निलंबित केलं तेव्हा संघ पुन्हा विजेतेपदाच्या तोंडाशी होता. दोन सामन्यांनी क्लीव्हलँडच्या मागं राहिला.

कॉमिस्की कंजूष होता, म्हणून पोरं विकली गेली, हे सगळीकडे सांगतात. पगाराची जुनी कार्डं तपासल्यावर निघालं की लीगमधल्या सर्वाधिक पगार देणाऱ्या संघांत व्हाइट सॉक्सची गणना होती. हां, खेळाडूला मालकाच्या मर्जीशिवाय संघ बदलता येत नव्हता, हे मात्र खरं.

खटला १९२१ मध्ये चालला. सह्या केलेले कबुलीजबाबच फायलीतून गायब! (ओळखीचं वाटतंय ना?) २ ऑगस्टला सगळे निर्दोष. त्या रात्री खेळाडू आणि ज्युरी एकाच हॉटेलात जल्लोष करत होते. दुसऱ्या दिवशी न्यायाधीश लँडिस, जे बेसबॉलचे पहिले कमिशनर झाले होते, त्यांनी आठही जणांना तहहयात बाहेर काढलं.

त्या आठांतला बक वीव्हर मला झोपू देत नाही. त्यानं एक पैसा घेतला नाही. मालिकेत .३२४ नं खेळला. पण कट शिजला तेव्हा तो बैठकीला होता आणि नंतर गप्प बसला. लँडिस यांचं म्हणणं सरळ होतं: माहीत असून सांगितलं नाहीस, तूही बाहेर. वीव्हर १९५६ मध्ये मेला, तोपर्यंत अर्जावर अर्ज करत राहिला. मे २०२५ मध्ये मरण पावलेल्या खेळाडूंची नावं त्या बंदीच्या यादीतून काढली, त्यात त्याचंही निघालं. मेल्यावर ६९ वर्षांनी.

सरांनी त्या तासाला एक प्रसंग फार रंगवून सांगितला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर एक छोटा मुलगा जॅक्सनला म्हणतो, हे खरं नाही म्हण ना, जो. आम्ही सगळे हेलावलो होतो. पुढं वाचनात आलं की असं काही घडलंच नाही, असं जॅक्सन स्वतः सांगायचा. पत्रकारानं रचलं होतं. म्हणजे जे घडलं ते वर्षभर कुणी छापेना, आणि जे घडलं नाही ते शंभर वर्षं छापतायत.

आता परवाचं. सकाळी नऊ वाजता मला एका ओळखीच्यानं फोन करून सांगितलं होतं की भाव फिरलाय. मी हसलो. संध्याकाळी मी मैदानात टेबलाजवळ बसून पाहिलं. १२ चेंडूंत ९ हवे, चार गडी हातात. जो पोरगा आख्ख्या स्पर्धेत गुडघ्याखालचा फुलटॉस सोडत नव्हता, त्यानं दोन सोडले. नंतरचा चालत चालत रनआउट. माझ्या शेजारच्या स्कोअररनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मोबाइलमध्ये मान घातली.

आयोजकांची पुढच्या महिन्यातली पानभर जाहिरात माझ्याच मार्फत येते. पुरावा नव्हता, हे खरं. पण जाहिरात नसती तर मी पुरावा शोधायला उठलो असतो का, हे मला टपरीवर सांगता आलं नाही. इथं सांगतो. 'थरारक' हा शब्द माझा होता, डेस्कवरच्या कुणाचा नाही.

कुणावर आरोप करायला माझ्याकडं आजही काही नाही आणि मी करत नाहीये. काल आयोजकांकडं स्कोअरशीटची झेरॉक्स मागितली. देतो म्हणाले. आज दोनदा फोन केला, उचलला नाही. उद्या सकाळी स्वतः जातोय. स्कोअररला सांगून ठेवलंय, शेवटची दोन षटकं आठवतायत तोवर कागदावर उतरवून ठेव.