तात

युकुलेलीला नायलॉन लावावे की नैसर्गिक तात, यावर आम्हा गोंडपिपरीकरांत पुष्कळ वाद झाला. १८७९ साली मदेराहून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या वाद्यांतून ती घडली. तेव्हा तिला आतड्याचीच तात असे. नायलॉन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मराठीला तात परकी नाही. पिंजाऱ्याच्या धनुकलीवर ती कापूस पिंजत असे. सारंगीचे तीन मुख्य तंतूही परंपरेने बकऱ्याच्या आतड्याचे. पावसाळ्यात वैनगंगेकाठी ती ओल धरते, स्वर ढळतो, पुनःपुन्हा खुंट्या पिळाव्या लागतात. नायलॉन हा व्याप वाचवते. मात्र हवेगणिक बदलणारा तो किंचित खरखरीत स्वर हरवतो, ऐकण्याची सवयही. आम्ही तात ठेवली. मुले विचारतात, ‘तात म्हणजे काय?’ मग पिंजाऱ्यापासून सांगावे लागते.