रुमाल

गाडी फलाटाला लागायच्या आत रुमाल आत जातो. यवतमाळच्या स्टँडवर कोणत्याही दिवशी जाऊन पाहा. दारव्हा, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, कोणतीही गाडी घ्या. ड्रायव्हर अजून वळण घेतो आहे आणि दहा-वीस माणसं खिडक्यांसोबत पळताहेत. रुमाल, टोपी, थैली, कालचा पेपर, हाताला येईल ते खिडकीतून आत. मग दाराशी रेटारेटी. रुमालवाला रेटारेटीत नसतो. तो बाहेर उभा राहून खर्रा घोटतो, सगळ्यांच्या शेवटी चढतो आणि आपल्या रुमालाजवळ जाऊन आरामात बसतो. कंडक्टर तिकीट माणसाला देतो, रुमालाला देत नाही. तरी सीट रुमालाची.

पण दोस्तहो, रुमालारुमालात फरक आहे. कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल सीटवर पडला की त्या सीटची रजिस्ट्री झाली समजा. बाई लेकरू कडेवर घेऊन उभी राहील, पण त्या रुमालाला हात लावणार नाही. मी जिनात काम करतो. माझ्या दुपट्ट्याला कायम रुई चिकटलेली. तो मी दोनदा खिडकीतून टाकून पाहिला. दोन्ही वेळा आत गेलो तर दुपट्टा खाली, लोकांच्या पायाशी. वरून एकजण विचारतो, "कोनाचं फडकं हाये बे हे?" तेव्हापासून मी टाकत नाही. दारातून चढतो, रिकामी दिसेल तिथं बसतो. तिकीट काढतो.

एसटीत खिडकीच्या वर अक्षरं असतात. स्त्रियांसाठी राखीव. दिव्यांगांसाठी राखीव. आमदार-खासदारांसाठीसुद्धा राखीव, आणि आमच्या गाडीत आमदार चढलेला मी जन्मात पाहिला नाही. 'राखीव' हा शब्द वाचला की गाडीतल्या काही लोकांचं तोंड वाकडं होतं. शाळेत असताना एकानं मला विचारलं होतं, "तुमाले इथंबी राखीव पायजे काय?" तो ज्या सीटवर बसून हे बोलत होता ती त्यानं रुमाल टाकून धरलेली होती. परीक्षा नाही, अर्ज नाही, दाखला नाही. या रुमालाला मात्र कोणी आरक्षण म्हणत नाही. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून नवीन टोमणा आला आहे. अर्ध्या तिकिटात अख्खी सीट. हा टोमणा मारणारा माणूस रुमालाच्या बिनतिकिटी सीटबद्दल कधी बोललेला मी ऐकला नाही.

आता माझं सांगतो. हंगामात जिनात रात्रपाळी असते. कापूस आला की रेचे थांबत नाहीत. रात्रभर रेच्याजवळ उभं राहायचं, रुई नाकात, कानात, भुवयांवर. सकाळी बाहेर पडतो तेव्हा चोवीस वर्षांचा पोरगा पांढऱ्या केसांचा झालेला असतो. अशाच एका सकाळी मी दारव्ह्याच्या गाडीत तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आमचं गाव त्या रस्त्यावर फाट्यापासून आत आहे. गाडी भरली. शेवटी आमच्या गावचा एक मोठा शेतकरी चढला. वय पंचेचाळीस, अंगानं धडधाकट, नाव इथं लिहीत नाही. सोबत त्याची थैली धरणारा एक माणूस. बोलला तो थैलीवाला.

"ऊठ नं बे. भाऊसाहेब उभे हायेत, दिसत नाही?"

मी म्हटलं, "तिकीट काढलं म्या."

"तिकिटाचं कोन इचारते? रातभर उभाच असते नं तू जिनात? मंग आनखी घंटाभर उभा राह्य."

मी म्हटलं, "म्हनूनच बसलो."

गाडी एकदम चूप झाली. कंडक्टर मशीनमध्ये पाहत म्हणाला, "ॲडजस्ट करा नं भाऊ." हा ॲडजस्ट शब्द फार कामाचा आहे. तो कोणाला उद्देशून बोलला जातो ते एकदा मोजून ठेवा. भाऊसाहेब स्वतः एक शब्द बोलले नाहीत. दांडा धरून खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना बोलावं लागत नाही. मागून एक म्हातारा उठला, साठीच्या वरचा, धोतर फाटकं. "बसा भाऊसाहेब, मले इथंच उतराचं हाये." भाऊसाहेब बसले. म्हातारा तिथं उतरला नाही. फाट्यापर्यंत उभा होता. मी त्याला माझी जागा दिली तर त्यानं मान हलवली आणि तोंड दुसरीकडं केलं.

तुम्ही म्हणाल, एका सीटचं काय एवढं. माझा बाप त्याच माणसाकडं सालदार होता. संध्याकाळी त्याच्या कानावर गोष्ट घातली गेली, "पोराले समजाव." बाबा घरी आला, हातपाय धुतले, जेवला. मग विचारलं, "बसूनच होता नं?" मी म्हटलं, हो. "मंग ठीक." पुढं पाडवा आला. सालदाराचं साल पाडव्याला ठरतं. बाबाला यंदा काम नाही असं कळवलं. कारण कोणी सांगितलं नाही, बाबानं विचारलं नाही. आता तो रोजानं जातो, मिळेल तिथं.

गाडीत मी उठतो, हेही लिहून ठेवतो. लेकुरवाळी दिसली, म्हातारं माणूस दिसलं, पोटुशी बाई दिसली तर उठतो. जात विचारून उठत नाही. पण उठणं माझ्या मनातलं असलं पाहिजे. थैलीवाल्याच्या हुकमातलं नाही.

या दिवसांत मी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचलं. इंग्रजी मला अडखळत येतं, दोन वेळा वाचावं लागतं. १९०१ सालची गोष्ट आहे. बाबासाहेब लहान पोर होते. भाऊ आणि बहिणीची मुलं यांच्यासोबत बापाला भेटायला निघाले आणि सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनला उतरले. अंगावर चांगले कपडे. स्टेशन मास्तर प्रेमानं विचारपूस करत होता तोवर जात कळली, आणि तो मागं सरला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला सोबत पायी चालणार. हे वाचताना मी थांबलो. गाडी त्याची, बैल त्याचे, पैसे दुप्पट घेतलेले, आणि तरी तो पायी चालायला तयार. जागेची टंचाई नव्हती तिथं. गाडी रिकामी होती.

दुसरी गोष्ट १९२९ ची, चाळीसगावची. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर, सरकारी समितीचे सभासद. टांगेवाल्यांनी त्यांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. बाबासाहेबांनी महारवाड्यात पायी जावं हे आपल्या लोकांना बरं वाटेना. टांगा मिळवला आणि आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. या गोष्टीकडं मी नंतर परत येतो, कारण तिच्यात आपल्या लोकांचा मानही आहे.

मग कायदा झाला. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५. त्याच वर्षी १ जूनपासून लागू. १९७६ साली दुरुस्ती होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळालं. त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक वाहनाचा उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला त्यात अडवणं हा गुन्हा. त्याच वर्षाच्या शेवटी, १ डिसेंबर १९५५ ला, अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावी रोझा पार्क्स बसमध्ये उठली नाही. ती एका मोठ्या दुकानात शिवणकाम करायची. कामावरून घरी चालली होती. तिकडचा मुलूखही काळ्या मातीचा आणि कापसाचा. काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. पायी कामावर गेले, पायी परत आले. त्यांचे ते पायी चालणं सुरूच होतं, तेव्हा इकडं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपले लोक दीक्षाभूमीवर जमले होते. या तारखा मी वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

तिथं एक सोय होती, विचित्र वाटेल, पण सोय होती. गोऱ्यांच्या रांगा ठरलेल्या होत्या. नियम लिहिलेला होता. जो लिहिलेला असतो तो कोर्टात नेता येतो, आणि त्यांनी नेला. १९५६ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात तो हरला. आमच्या दारव्हा गाडीत तसा कोणता फलक आहे? थैलीवाल्यानं माझी जात काढली नाही. "जिनातला" एवढंच म्हणाला. कलम ४ खाली मी काय लिहून देऊ? रुमाल, "ॲडजस्ट करा", थैलीवाल्याचा आवाज आणि भाऊसाहेबांचं खिडकीबाहेर पाहणं, हे पंचनाम्यात येत नाही. पाडव्याला मोडलेलं साल तर अजिबात येत नाही.

६ डिसेंबरला मुंबईला जाणाऱ्या गाड्यांचंही बोलून घेऊ, कारण त्यावरून आपल्यात भांडणं होतात. वर्ध्याहून, बडनेऱ्याहून आपले लोक आरक्षित डब्यात शिरतात. ज्यानं बर्थचे पैसे भरले त्याची बर्थ त्याचीच, यात मला वाद दिसत नाही. सीटचा हक्क मागणाऱ्यानं दुसऱ्याच्या सीटवर बसून राहू नये. पण आषाढीला गच्च भरून जाणाऱ्या गाडीत हेच प्रवासी "माउली, या इकडं" म्हणून सरकून बसतात, आणि आपली निळी टोपी दिसली की "फुकटे आले" म्हणतात. गर्दी तीच, घामाचा वास तोच.

आता घरातलं. माझी आजी अठ्ठ्याहत्तरची आहे. १९५६ ला बापाच्या बोटाला धरून नागपूरला गेली होती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटीत पैसे पडत नाहीत, म्हणून आता ती डोळे दाखवायला यवतमाळला जाते. गेल्या उन्हाळ्यात मी सोबत होतो. दुपारची गाडी, अर्धी रिकामी. आजी चढली आणि सीटांच्या मधल्या वाटेत आपल्या गाठोड्यावर बसली.

"आजी, वर बस नं."

"बरी हावो मी इथं. कोनी आलं तं?"

"कोनी आलं तं त्यायनं मागं जावं. जागा पडून हाये."

"तुले काय समजते."

ती सांगते, तिच्या तरुणपणी फाट्यावर गाडी थांबली की वरच्या आळीची माणसं आधी चढत, मग आमची. कोणी तसं सांगत नसे. सगळ्यांना माहीत असे. मी तिला दंडाला धरून उठवलं, सीटवर बसवलं. यवतमाळ येईपर्यंत ती टोकावर बसली होती. अर्धी सीट मागं रिकामी.

आणि आता चाळीसगावच्या मानाकडं. दसऱ्याला आमच्या वस्तीतून दोन गाड्या ठरवून दीक्षाभूमीला जातात. पुढच्या सीटवर कोण? एकात अध्यक्ष, एकात सचिव. ज्यांनी पहाटे तीनला उठून भाकरी थापल्या, लेकरं तयार केली, गाठोडी बांधली, त्या बाया मागं, मांडीवर लेकरू, पायाशी पाण्याचा डबा. गेल्या वर्षी वस्तीतल्या बारावीच्या एका पोरीनं विहारातल्या मिटिंगमध्ये सरळ विचारलं, "पुढची सीट कोनाची?" अध्यक्ष हसले. म्हणाले, मानाची माणसं पुढं बसतात, रीत आहे. ती म्हणाली, "रुमाल टाकला काय तुमी?" मिटिंगमध्ये कोणी हसलं, कोणी चिडलं. अध्यक्ष आमचेच, चांगले माणूस, दोन केसेस अंगावर घेतलेले. पण प्रश्न पोरीचा बरोबर होता, आणि तो मी कार्यवाहीच्या वहीत तसाच्या तसा लिहिला. सचिवानं तो खोडला नाही, हे त्याचं मोठेपण.

यंदा वर्गणीच्या मिटिंगमध्ये ठरलं की दोन्ही गाड्यांत पुढची सीट वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला. एका गाडीत ती माझी आजी. सांगायला मी आणि ती पोरगी घरी गेलो. बाबा जेवत होता. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुढं नाही बसत मी. मधात बसवता तुमी, एकीकडं डायवर न् एकीकडं कोनी. मले खिडकी पायजे."

पोरगी म्हणाली, "काहून वं आजी?"

"मले गाडी लागते."

बाबा घास हातात धरून थांबला. "कवापासून?"

"पयलेपासून," आजी म्हणाली, आणि त्याला आणखी वरण वाढलं.