आमची स्कूटी कधीच नापास झाली नाही

आमच्या घरी एक स्कूटी आहे. ती आणि मी एकाच वर्षीचे. मी मार्च २०१० चा, ती जुलै २०१० ची. आई म्हणते, "त्या वर्षी मला दोन मुलं झाली. एक दूध पिणारं आणि एक पेट्रोल पिणारं." इंजिन ८७.८ सीसीचे, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, वजन शंभर किलोच्या आत. आम्ही बडोद्याला दांडिया बाजाराजवळ राहतो. बाबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये नायब सुभेदार आहेत आणि वर्षातले दहा महिने घरापासून दूर असतात. त्यामुळे आईची नोकरी, भाजी, आजीचा दवाखाना आणि सुट्टीत मला स्टेशनवरून आणणे हे सगळे या स्कूटीवर चालते. माझी ट्रंक मात्र रिक्षाने येते.

स्कूटीचे एक वैशिष्ट्य मी डॉर्ममध्ये सगळ्यांना सांगत असे: ती कधीच नापास झालेली नाही. आईने एका निळ्या फाइलमध्ये तिची सगळी पीयूसी प्रमाणपत्रे ठेवली आहेत. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे नव्या मानकांच्या गाड्यांना ते वर्षातून एकदा काढावे लागते, आमच्यासारख्या जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी. गाडी जागेवर चालू ठेवायची, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि यंत्रावर आकडे बघायचे. आमच्या स्कूटीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम आहे. फाइलमध्ये २७ कागद आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमधला एक नाही. सत्तावीसच्या सत्तावीस पास! माझ्या प्रगतिपुस्तकाबद्दल असे काही सांगता येणार नाही.

यंदा उन्हाळ्यात तिची मोठी परीक्षा होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. तिथले मोटार वाहन निरीक्षक तपासतात आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असेल तर नोंदणी ५ वर्षांनी वाढते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा आईने अर्ज भरला होता, १००० रुपये फी भरली होती आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घेतली होती.

"तयारी माझ्यावर सोड," मी म्हणालो. इन्स्पेक्शनची तयारी कशी करायची हे आमच्या शाळेच्या कॅडेटला कोणी शिकवावे लागत नाही. मी अजून १५ वर्षांचा आहे, त्यामुळे स्कूटी चालवत नाही. पण धुणे, पुसणे आणि ढकलणे याला लायसन्स लागत नाही. मी रॉकेलच्या फडक्याने चाकांच्या मधला काळा थर काढला. उजवा आरसा तडकला होता, तो नवा बसवला. मागच्या इंडिकेटरचा बल्ब बदलला. नंबरप्लेटवरचा अशोकचक्राचा छोटा होलोग्राम चमकेपर्यंत पुसला. टायरच्या नक्षीची खोली मोजली. दुचाकीला ती किमान ०.८ मिलिमीटर लागते, आमची त्याहून बरीच जास्त भरली. बूट पॉलिशचा उरलेला डबा पायदानाच्या रबरावर संपवला.

राहिला मागचा ब्रेक. डाव्या हाताचा लिव्हर दाबला की जवळजवळ मुठीला टेकायचा. मागच्या ब्रेकची केबल जिथे ड्रमच्या दांड्याला येऊन मिळते, तिथे एक नट असतो. तो पिळला की लिव्हर पुन्हा कडक होतो. गॅरेजमध्ये हे मी अनेकदा पाहिले होते. मी पाना घेतला आणि नट पिळायला लागलो. तो फिरत फिरत आटे संपेपर्यंत आत गेला. शेवटचे एक-दोनच आटे शिल्लक होते. लिव्हर मात्र अगदी नव्यासारखा झाला.

आटे संपत आले आहेत म्हणजे आत काहीतरी संपत आले आहे, एवढे मला त्या क्षणी कळले होते. मला कळले नव्हते असे लिहिले तर ते खोटे होईल. पण तारीख परवावर आली होती, गाडी चमकत होती आणि लिव्हर कडक होता. मी पाना जागेवर ठेवून दिला.

निरीक्षकसाहेबांनी चासिस नंबर कागदाशी ताडून पाहिला. हेडलाइट, ब्रेकलाइट, हॉर्न, इंडिकेटर, आरसे पाहिले. दोन्ही लिव्हर दाबले. आईने गाडी थोडी पुढे नेऊन थांबवून दाखवली. कोरडा, सपाट रस्ता आणि सायकलचा वेग. गाडी थांबली. साहेब म्हणाले, "पंधरा वर्षांची वाटत नाही." माझी मान ताठ झाली. परत येताना आम्ही सेव-उसळ खाल्ली आणि मी बाबांना मेसेज केला: पास, २०३० पर्यंत.

त्यानंतर नऊ दिवसांनी बडोद्यात पहिला जोराचा पाऊस पडला. आई नोकरीवरून परत येत होती. रावपुऱ्यात एक सायकलवाला अचानक आडवा आला. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही हे आईला ठाऊक आहे, म्हणून तिने मागचा दाबला. खर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, पण गाडी थांबेना. सायकलवाल्याला वाचवायला तिने हँडल वळवले आणि ती फूटपाथच्या कडेवर आपटली. तळहाताला चार टाके पडले. घरी आल्यावर ती सगळ्यात आधी म्हणाली, "सायकलवाल्याला काही लागलं नाही, बरं का." मला तिच्याकडे बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी ढकलत गॅरेजमध्ये नेली. आमचे मिस्त्रीकाका ती पहिल्या दिवसापासून ओळखतात. त्यांनी मागचे चाक काढले, ड्रम उघडला आणि मला आत बघायला सांगितले. ब्रेक शूवरचे लायनर पूर्ण घासून गेले होते. उघडा धातू ड्रमवर घासून आत चरे पडले होते. काकांनी समजावले, "लायनर झिजत जातं तसा लिव्हर सैल होतो. सैल लिव्हर म्हणजे गाडी तुला सांगते आहे, माझं आत संपत आलंय. नट पिळला की सैलपणा जातो, लायनर काही परत येत नाही. उलट आतला कॅम जास्त फिरतो आणि त्याचा जोर कमी होतो. नट झीज भरून काढायला असतो, झाकायला नाही." मग त्यांनी विचारले, "एवढा कोणी पिळला?"

"मी," मी म्हणालो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी नवे शू काढले आणि चाक बसवायला मला सोबत घेतले.

रात्री बाबांचा फोन आला. मी सगळे सांगितले. मला वाटले ते रागावतील. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "आमच्याकडे फर्स्ट परेड म्हणजे काय, तुला माहीत आहे ना?" त्यांचे आयुष्य सैन्याच्या गाड्यांबरोबर गेले आहे. तिथे रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर तेल, पाणी, हवा, दिवे, ब्रेक सगळे स्वतः बघतो. त्याला फर्स्ट परेड म्हणतात. काम संपवून गाडी उभी केली की लास्ट परेड. बाबा म्हणाले, "इन्स्पेक्शनला येणारा साहेब गाडी अर्धा तास बघतो. ड्रायव्हर तिच्यात बसून डोंगर चढतो. मग गाडीची खरी हालत कोणाला माहीत असायला हवी? तुला माहीत होती. तू आईला एक शब्द सांगितला असतास तर बास होतं." एवढे बोलून त्यांनी आईला फोन द्यायला सांगितला.

त्या रात्री मी निळी फाइल पुन्हा उघडली. आजवर मी प्रत्येक कागदावर फक्त 'पास' पाहिले होते. आता आकडे वाचले. २०१२ मध्ये कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के. २०१६ मध्ये १.७. २०१९ मध्ये २.९. मग एकदम १.२, कारण त्या वर्षी काकांनी कार्ब्युरेटर साफ करून एअर फिल्टर बदलला होता. त्यानंतर पुन्हा चढत चढत यंदा जानेवारीत ३.१. निकाल सत्तावीस वेळा एकच, पण ०.९ ची पास आणि ३.१ ची पास यांत किती अंतर आहे! मर्यादेला ती कधीच टेकली नव्हती, तिच्याकडे सरकत मात्र होती. आमची स्कूटी नापास झाली नव्हती हे खरे. ती दर वेळी काहीतरी सांगत होती आणि आम्ही वाचत नव्हतो, हेही तितकेच खरे.

इथपर्यंतची गोष्ट स्कूटीची आहे. आता माझी सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

जानेवारीत शाळेत आमची वैद्यकीय तपासणी झाली. डोळ्यांच्या तक्त्यासमोर आमची रांग होती. बरेच महिने मला मागच्या बाकावरून फळा धूसर दिसत होता. मला हवाई दलात वैमानिक व्हायचे आहे आणि तिथे डोळ्यांचे निकष सर्वांत कडक असतात. रांगेत माझ्यापुढची मुले शेवटची ओळ मोठ्याने वाचत होती. माझा नंबर येईपर्यंत ती मला पाठ झाली. उजव्या डोळ्याला मला तिथे नुसते राखाडी ठिपके दिसत होते. मी न अडखळता आठही अक्षरे म्हटली. माझ्या कार्डावर ६/६ लिहिले गेले आणि मी आनंदात बाहेर आलो. मीही नट पिळला होता.

जूनअखेरीस शाळेत परतलो. पहिले दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी हाऊसमास्तरांकडे गेलो आणि जानेवारीत काय केले ते सांगितले. त्यांनी शिक्षा दिली, ती योग्यच होती. मग ते स्वतः मला एम.आय. रूममध्ये घेऊन गेले. डॉक्टरांनी दुसरा तक्ता लावून पुन्हा तपासले. उजवा डोळा उणे ०.७५, डावा उणे ०.५. आता मला चष्मा आहे.

पुढे काय होईल ते माहीत नाही. कदाचित मला विमान उडवता येणार नाही. हे लिहिताना अजूनही वाईट वाटते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण चष्मा लावून पहिल्या दिवशी मैदानावर गेलो तेव्हा ध्वजस्तंभामागच्या झाडाची पाने मला वेगवेगळी दिसली. आजवर मी तिथे एक हिरवा गोळा पाहत होतो. असल्या डोळ्यांनी विमान उडवणार होतो मी, आणि कदाचित मागे इतर माणसे बसवून.

आमच्या कपाटात इन्स्पेक्शनपुरता ठेवलेला एक न वापरलेला टॉवेल आणि एक न वापरलेला मग प्रत्येकाकडे असतो. त्यावर मी काही बोलत नाही, माझ्याकडेही आहे. पण ब्रेक आणि डोळे त्या टॉवेलसारखे नसतात. ते रोज वापरात असतात.

रविवारी घरी फोन करायला मिळतो. आईच्या हाताचे टाके निघाले आहेत आणि ती पुन्हा स्कूटी चालवते. मागच्या रविवारी तिने फोन उचलताच रिपोर्ट दिला, "फर्स्ट परेड झाली. हवा ठीक, दिवे ठीक, मागच्या नटाचे आटे भरपूर शिल्लक. तुझा चष्मा कुठे आहे?"

"डोळ्यांवर," मी म्हणालो.