हा कंस कुणाचा?

पुण्यात एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात मी ड्राफ्टिंग करत होते, तेव्हा ऑटोकॅड डॉसवर चालायचं आणि ड्रॉइंग बोर्ड अजून मोडीत निघाले नव्हते. ऑटोकॅडमध्येच ऑटोलिस्प नावाची, लिस्प भाषेच्या कुळातली एक भाषा मिळायची. कॉलमना नंबर घालणं, सळयांचं वजन काढणं अशी तीच ती कामं तिच्यावर सोपवता यायची. ती शिकताना मी कंसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकलेलं होतं. लिस्पला ते लागतच नाही. तिथे प्रत्येक क्रिया स्वतःच्या कंसात येते आणि क्रियेचं चिन्ह कंसात सर्वांत आधी बसतं. २ आणि ३ यांची बेरीज करून तिला ४ ने गुणायचं असेल, तर (* (+ २ ३) ४) असं लिहायचं. आतला कंस आधी सुटतो, मग बाहेरचा. कोणती क्रिया कोणत्या आकड्यांवर करायची, याबद्दल तिळभर शंका उरत नाही.

सळईचं वजन हे आमचं रोजचं गणित. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो मिळतात. साइटवरच्या फिटरलाही हे तोंडपाठ असतं. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो भरते. पण बाहेरून आलेल्या एका प्रोग्रॅममध्ये हीच सळई शून्य किलोची निघायची आणि १६ मिमीची बरोबर एक किलोची. त्यात १६२ लिहिलं होतं. हवं होतं १६२.०. दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की ऑटोलिस्प भागाकारातला अपूर्णांक टाकून देते, म्हणून १४४ भागिले १६२ शून्य येत होतं. पुढे एक टिंब आणि एक शून्य दिलं आणि सगळं बार बेंडिंग शेड्यूल ताळ्यावर आलं. टिंबाचं एवढं वजन मी तोवर पाहिलं नव्हतं.

कंस बंद करायचा राहिला, तर त्या वेळचं ऑटोकॅड कमांड लाइनवर आकडा दाखवून थांबायचं. दोन कंस उघडे असले की दोनचा आकडा. तितके कंस दिल्याशिवाय पुढे हलायचं नाही. मोठा प्रोग्रॅम असला की आम्ही तो डॉट मॅट्रिक्सवर छापून घ्यायचो आणि कंसांच्या जोड्या पेन्सिलीने जुळवायचो. मला ते काम आवडायचं. जोड्या लागल्या की काय कशाच्या पोटात आहे, ते कागदावर उमटायचं.

लिस्प जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत आखायला घेतली. माणसांनी लिहिण्यासाठी चौकोनी कंस आणि अर्धविराम असलेली वेगळी मांडणी त्यांच्या मनात होती. गोल कंसांची मांडणी यंत्राच्या आतल्या कामापुरती होती. स्टीव्ह रसेल यांनी ती आयबीएम ७०४ वर चालवून दाखवली आणि लिहिणाऱ्यांनी तीच उचलली. त्यांनी ती का सोडली नसेल, ते मला त्या पेन्सिलीच्या जोड्यांवरून कळतं.

पुढे माझ्याकडे करारनाम्यांचे आणि टेंडरांचे मराठी मसुदे तपासायचं काम आलं. एका बंगल्याच्या करारात ओळ होती: ‘स्टील, सिमेंट व वाळू (ठेकेदाराने आणलेली)’. मालक म्हणाले, तिन्ही वस्तू ठेकेदाराच्या. ठेकेदार म्हणाला, माझी फक्त वाळू. व्याकरणाचाही आधार मिळेना. ‘आणलेली’ हे रूप एकट्या वाळूलाही चालतं आणि तिन्हींना मिळूनही चालतं. लिस्पमध्ये कंस काय काय कवेत घेतो, ते दिसतं. इथे कंसाला स्वतःची हद्द होती, पण डावीकडच्या किती शब्दांवर त्याचा हक्क, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं नसत, शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसे. मराठीत ही चिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, आणि मी त्यांची ऋणी आहे. स्वल्पविरामाशिवाय लांब वाक्य वाचायला मला जड जाईल. पण मराठीत विशेषण आधी येतं, नाम मागून. ‘ठेकेदाराने आणलेली वाळू’ हे आपलं सरळ बोलणं. ते उलटं करून कंसात मागे टाकलं की वाद सुरू होतो. ‘रु. ५०,००० (अक्षरी रुपये पन्नास हजार फक्त)’ इथल्या कंसाबद्दल माझी तक्रार नाही. तो कोणत्या आकड्याचा, हे कुणीही सांगेल.

त्या करारात शेवटी ‘स्टील व सिमेंट मालकाचे, वाळू ठेकेदाराची’ असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मसुद्यात अटीचा कंस नामामागे दिसला की मी आतला मजकूर उचलून नामाच्या आधी नेते. तिथे बसला नाही तर त्याचं वेगळं वाक्य करते. मसुदा लांबतो, टायपिस्ट कुरकुरतात. तरी मी तो तसाच पुढे पाठवते, कारण साइटवर तो कागद वाचणाऱ्याजवळ विचारायला मी नसते.