काट्यापलीकडचे मोजमाप

वजनाचा काटा खोटे बोलत नाही. पण तो अर्धेच बोलतो. जांबे येथे रोज सकाळी मारुंजीच्या दिशेने फिरावयास जाण्याचा नेम आम्ही उभयतांनी धरला, त्यास आता वर्ष होईल. एवढ्या अवधीत दोघांचीही वजने जेमतेम किलोभर उतरली. "मग एवढे चालून मिळविले काय?" असे शेजारी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुण्यातच सापडते.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंची व वजन यांवरून काढलेला दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्याच पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. तेथील बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर साउदम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. कमी होते ते मुख्यतः स्नायूंचे बळ. चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारा देहही आत मेद बाळगू शकतो, तो असा.

आमचे वडील बंधू जन्मभर काडीसारखे. "बारीक माणसाला कसला मधुमेह?" असे सारे म्हणत. पायाची जखम महिनाभर भरेना, तेव्हा त्यांची साखर प्रथम तपासली गेली. तोवर दोन बोटे गमवावी लागली. काट्याने त्यांना कधीच सावध केले नव्हते.

व्यायामाने स्नायू वाढतात, चरबी घटते. काटा मात्र दोहोंची बेरीजच दाखवितो. शिवाय खाल्लेले मीठ आणि अंगातील पाणी यांनीही तो दिवसागणिक किलोभर हलतो. म्हणून आम्ही दुसरी मोजमापे धरली. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा शिंप्याचा टेप लावतो. भारतीय पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. सकाळी उठताच नाडीचे ठोके मोजतो. चढावर बोलता येते का, खुर्चीतून हात न टेकता अर्ध्या मिनिटात कितीदा उठता येते, हेही वहीत टिपतो. वर्षभरात कंबर चार सेंटीमीटरने उतरली, नाडी संथ झाली आणि पाण्याची कळशी जिन्यावर न थांबता वर जाऊ लागली.

वाचकहो, घरात जो सर्वांत सडपातळ असेल, त्याच्याच कमरेस आधी टेप लावा. आणि तिशी उलटली असेल, तर त्याची साखरही तपासून घ्या.